हरकत आहे, काढू नये

अर्ज शिवणकाकूंनी स्वतःच्या हातानं लिहिला होता, हे आधीच सांगितलेलं बरं. पुढे जे झालं त्याचं खापर फोडायला दुसरं डोकं मिळू नये, इतका तो अर्ज नेटका होता.

काकूंचं घर तळमजल्यावर. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, आणि पुढच्या खोलीला गल्लीच्या बाजूनं एकच खिडकी. ही गल्ली बसथांब्याकडून बाजाराकडे जाणारी. तिच्यात दुकान एकही नाही, त्यामुळे पुरुषमाणसांना फार सोयीची. बसमधून उतरायचं, गल्लीत शिरायचं, काकूंच्या भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि हलकं होऊन बाजाराला जायचं. काकूंनी फिनेल ओतून पाहिलं, चुना फासून पाहिला, भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘इथे माणसं राहतात’ असंही लिहून पाहिलं. महिनाभरात त्यातली खालची अर्धी अक्षरं धुऊन गेली. शेवटी त्यांनी नगरपालिकेला अर्ज केला आणि सोबत आठवडाभराचा तक्ता जोडला. सकाळी आठ ते संध्याकाळी सात, दर तासाला किती जण. शिवणकाम करणारा माणूस मोजमापात चुकत नाही. त्या आठवड्यात तीनशे बारा झाले होते.

चार महिन्यांनी टेम्पो आला. काकूंना वाटलं, दंडाची पाटी आणली असेल, नाहीतर जाळी. चौघांनी मिळून एक हिरवी लोखंडी पेटी उतरवली आणि फुटपाथवर, खिडकीपासून चार हातांवर, जमिनीत बोल्ट मारून घट्ट बसवली. पेटीला रस्त्याच्या बाजूनं कमरेच्या उंचीवर एक पसरट तोंड होतं. आत पिंप, पिंपात दाबून भरलेला पेंढा आणि लाकडाचा भुसा. वर छातीइतक्या उंचीवर मातीचा ट्रे आणि त्यात सदाफुलीची रोपं. बाजूला पाटी होती: ‘पाणी नको, वास नाही. तुमच्याकडून बागेकडे.’

काकूंनी कचेरीत फोन लावला. तिकडचा साहेब फार गोड बोलला. “काकू, तुमचे आभारच मानायला हवेत. अख्ख्या शहरात इतकी अचूक आकडेवारी कुणी दिली नव्हती. तुमच्या तक्त्यावरूनच ही जागा नक्की केली.”

काकूंनी फोन ठेवला आणि बराच वेळ मशीनच्या पायडलवर नुसता पाय ठेवून बसून राहिल्या.

वास खरोखरच नव्हता, हे त्यांनाही कबूल करावं लागलं. पेंढा सगळं पिऊन टाकायचा. भिंत आठवड्यात कोरडी झाली. पण भिंतीकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या माणसाची निदान पाठ दिसायची. आता माणूस घराकडे तोंड करून उभा राहायचा, आणि काकू मान वर करायच्या तेव्हा सदाफुलीच्या वर एक डोकं असायचं. कधी चष्म्याचं, कधी टकलाचं. काही डोकी ओशाळून आभाळाकडे बघायची. काही सरळ खोलीत बघायची, आणि त्यातली एक-दोन नमस्कारही करायची.

काकूंनी जाड पडदा लावला. खिडकीचा उजेड गेला तसं दिवसा दिवा लावावा लागू लागला, आणि काळ्या कापडावर काळा दोरा दिसेना. त्यातच, माप द्यायला आलेल्या एका मुलीला पडद्याच्या फटीतून डोकं दिसलं. ती दंडाभोवतीची टेप तशीच घेऊन आतल्या खोलीत पळाली. बाहेरच्या माणसाला बिचाऱ्याला काही कळलंही नसेल. पण बायकांत बोलणं व्हायला वेळ लागत नाही. काकूंच्या हाताला तोड नाही, पण त्यांच्या दारात म्हणे सारखं कुणीतरी उभं असतं, असं होता होता गिऱ्हाइकं अर्ध्यावर आली.

मग एके दिवशी त्यांनी खोली फिरवली. मशीन ढकलत स्वयंपाकघरात नेलं, शेगडी आणि मोरी यांच्या मधल्या जागेत. आणि मागच्या भिंतीशी असलेली खाट खिडकीखाली आणली. उजेड मला नाहीच, तर जागा तरी कुणाच्या उपयोगी पडू दे, असा तो राग होता.

खाटेवर त्यांचे यजमान होते.

त्यांना सगळे मास्तर म्हणायचे, पण शाळेतले नव्हेत. सव्वीस वर्षं बसमध्ये कंडक्टर. रोज हजार माणसांशी बोलणारा, कुठल्या थांब्यावर कोण उतरतो ते तोंडपाठ असणारा गडी. चार वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करताना उजव्या हातातून वस्तरा गळून पडला आणि मागोमाग तेही. उजवी बाजू गेली. जीभही जड झाली होती, ती वर्षभरात सुटली. पण तोवर भेटायला येणारे आटले होते. मास्तर मागच्या भिंतीशी छताकडे बघत पडून असायचे, आणि काकू मशीनच्या आवाजात विचारायच्या, “झाली का? भूक लागली का? कूस बदलू का?” या तीन प्रश्नांत दिवस जायचा. त्यांना कुशीवर वळवायचं, पुसायचं, लघवीचं भांडं धरायचं आणि मोरीत रिकामं करायचं. आता मोरी मशीनच्या पायाशीच होती.

खाट खिडकीखाली गेल्याच्या तिसऱ्या दिवशी काकूंनी स्वयंपाकघरातून ऐकलं. मास्तर कुणाशी तरी बोलत होते.

“पुढे सरका, पुढे सरका. मागं पब्लिक उभी आहे.”

बाहेर कुणीतरी हसलं. काकू उठून आल्या. पडदा अर्धा बाजूला केलेला होता. सदाफुलीच्या वर एक डोकं होतं आणि त्याच्यामागे आणखी दोन.

“मास्तर, तुम्ही आमच्या बसला होता काय हो?” पुढच्यानं विचारलं.

“तू कुठं उतरायचास?”

“साबण कारखान्याला.”

“मग तू अर्धं तिकीट काढायचास, मिसरूड फुटलं तरी. मला माहीत होतं.”

तिघंही हसले, आणि मास्तरही. काकूंनी त्यांचं हसू चार वर्षांत ऐकलं नव्हतं. उजवा गाल हलत नसल्यानं ते एका बाजूनं सांडल्यासारखं वाटलं. त्या परत आत गेल्या.

दर पाच-सहा दिवसांनी बागेकडचा माळी यायचा. त्याच्या फोनवर पेटी भरल्याची सूचना यायची. तो तीनचाकी गाडी लावायचा, पेटीचं मागचं दार उघडायचा, पिंप बाहेर ओढून झाकण घट्ट लावायचा आणि ताज्या पेंढ्याचं दुसरं बसवायचा. त्याच्या अंगाला सुक्या गवताचा वास असायचा. काकू त्याच्याशी भांडायला गेल्या होत्या, पण भांडण जमेल असा तो माणूस नव्हता.

“ताई, बाकीच्या पेट्या दोन आठवडे जातात. तुमची पाच दिवसांत भरते,” तो म्हणाला. “सगळ्यात चांगली चालते.”

“माझी नाही ती.”

“बरं, नाही. पण वर्षभर खताच्या ढिगात राहिल्यावर तुम्ही बघा. ह्याचं जे होतं ना, ते हातात घेऊन कुणी सांगणार नाही की हे काय होतं.”

“आणि बायकांनी कुठं जायचं? त्यांची पेटी कधी येणार?”

माळ्यानं झाकणाची कडी दोनदा तपासली. “नकाशात नाही ती अजून,” तो म्हणाला.

कापड आणायला बाजारात जायचं असलं की काकू सकाळपासून पाणी पीत नसत. हे त्यांनी माळ्याला सांगितलं नाही, पण तो गाडीकडे जाता जाता परत वळला. मग त्यानं आवाज खाली करून एक गोष्ट सांगितली. पेट्या सहा महिन्यांच्या चाचणीवर आहेत. सहा महिने झाले की कचेरीतून माणूस येईल आणि सगळ्यात जवळच्या घराला विचारेल, हरकत आहे का. घरानं लेखी हरकत घेतली तर पेटी हलवतात.

“नक्की?”

“दोन हलवल्यात की.”

त्या संध्याकाळी काकूंनी तीन पानी हरकत लिहिली आणि दोऱ्यांच्या रिळांखाली खणात ठेवली. दिवस सोपे झाले असं नाही, पण ते संपणार होते. शेगडीच्या धगीत बसून त्या काजं करायच्या, दाराबाहेर जायचं तर आधी कान द्यायच्या, बाहेर कुणी नाही असं पाहून चपला सरकवायच्या. वाळत टाकायचे कपडे आत दोरीवर. दार उघडलं की कुणाच्यातरी कोपराला लागायचं, मग “माफ करा हं काकू,” आणि काकूंना स्वतःच्याच उंबऱ्यावर चोरासारखं मागे व्हावं लागायचं. त्या मनाशी म्हणायच्या, आणखी तीन महिने. आणखी दोन.

मास्तरांचं मात्र वेगळंच चाललं होतं. रोज दाढी करायला लावायचे. बनियनवर भागेना, कॉलरचा शर्ट हवा. डाव्या हातानं केस विंचरायला शिकले. फिजिओवाल्यानं सांगितलेला जो चेंडू वर्षभर धूळ खात पडला होता, तो आता उजव्या मुठीत दाबत बसायचे. बरोबर अकराला लिफ्ट दुरुस्त करणारा एक कारागीर यायचा, दोन गल्ल्या पलीकडच्या कचेऱ्यांमधून. त्याला मास्तर ‘वरखाली’ म्हणायचे. वरखाली आपलं काम उरकायचा, मग खिडकीशी येऊन वाचून झालेलं वर्तमानपत्र आत द्यायचा आणि दहा मिनिटं उभा राहायचा. काही माणसं तर काम नसतानाही थांबायची. आपलं दुखणं, मुलांची शाळा, वरिष्ठांचा छळ, सगळं खिडकीतून मास्तरांना सांगायची. मास्तर ऐकून घ्यायचे आणि थांब्यावरच्या माणसाला दिशा दाखवावी तसं सांगायचे, हे कर, ते करू नकोस.

एकदा ते काकूंना म्हणाले, “चार वर्षांत मी उभा राहून गेलो नाही गं. ही माणसं उभी राहतात आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नाही.” आवाजात हेवा नव्हता, नवल होतं. काकूंनी भांडं उचललं आणि मोरीकडे गेल्या.

सहा महिने झाले आणि कचेरीतून एक तरुण बाई फाईल घेऊन आल्या. वेळ नेमकी अकराची. वरखाली खिडकीशी उभा होता. तो पाहुणीला पाहून बाजूला झाला आणि निघून गेला.

“पेटीबद्दल आपली हरकत आहे की नाही, एवढंच विचारायचं आहे,” अधिकारी बाई म्हणाल्या. “इथे खूण करा आणि सही.”

काकूंनी खण उघडला. रिळं बाजूला केली. तीन पानांना बोटं लागली, आणि खाटेकडे नजर गेली. मास्तर वर्तमानपत्र वाचत होते. ते उलटं होतं.

“उद्या या,” काकू म्हणाल्या.

दुपारी त्यांनी मास्तरांना जेवू घातलं. एक घास, दोन घास. शेवटी मास्तरच म्हणाले, “हरकत लिहून टाक. तुझा उजेड गेलाय. गिऱ्हाइकं गेली. मला दिसतं सगळं.”

“आता चांगुलपणा दाखवू नका,” काकू म्हणाल्या. त्यांनी चमचा ताटात ठेवला. “भांडा माझ्याशी. म्हणा की नको काढू. तुम्ही असे शहाण्यासारखे वागलात की सगळं माझ्या अंगावर येतं.”

“बरं. नको काढू.”

काकूंनी त्यांच्या हनुवटीवर सांडलेलं पुसलं.

“चार वर्षं मी छताशी बोललो,” मास्तर म्हणाले. “छत ऐकून घेतं, पण उलट काही सांगत नाही.”

“आणि मी? मी नव्हते घरात?”

“होतीस. झाली का, भूक लागली का, कूस बदलू का.” त्यांनी ते काकूंच्याच चालीवर म्हटलं, चेष्टा नव्हती त्यात. “तू तरी आणखी काय बोलणार होतीस? दोन हात, त्यात मशीन आणि मी. मी तक्रार नाही करत. तू विचारलंस म्हणून सांगितलं.”

काकूंनी ताट उचललं, आत नेलं आणि नळ सोडून घासत राहिल्या. घासून झाल्यावरही नळ सोडलेलाच ठेवला. त्यांना रडायचं होतं असं नाही. त्यांना घरात एक जागा हवी होती जिथे त्यांचं कुणी ऐकत नाही आणि त्यांनाही कुणाचं ऐकू येत नाही. पुढच्या खोलीत मास्तर आणि खिडकी, बाहेर पेटी, इथे शेगडी. पाण्याच्या आवाजामागे उभं राहणं एवढंच काय ते होतं. पेटी ठेवली तर त्या आत कोंडल्या जाणार, काढली तर मास्तर. आणि मास्तर कोंडले गेले की त्यांच्यासोबत त्या पुन्हा होत्याच.

दुसऱ्या दिवशी अधिकारी बाई आल्या. काकूंनी फॉर्म घेतला आणि सुबक अक्षरांत लिहिलं, ‘हरकत आहे. काढू नये.’

बाईंनी वाचलं, पुन्हा वाचलं. “असं चालत नाही हो. एक काहीतरी हवं. हरकत आहे लिहिलं तर काढावी लागेल.”

“पण आहे ती आहे.”

“मला कळतंय,” बाई म्हणाल्या. त्यांना खरंच कळलं असावं, कारण त्यांनी फाईल मिटून मांडीवर ठेवली. “पण फॉर्मला कळत नाही. त्याला दोनच चौकोन आहेत.”

“मग पेटीचं तोंड तरी फिरवा. नाहीतर सहा हात पुढं न्या.”

“पुढं गॅसची लाईन आहे. फिरवली तर माणूस रस्त्याला पाठ दाखवणार नाही, तोंड दाखवणार. शेजारपाजारचे ऐकायचे नाहीत.”

बाईंनी कोरा फॉर्म पुढे केला. काकूंनी ‘हरकत नाही’च्या चौकोनात खूण केली. सही करताना पेन इतकं दाबलं गेलं की खालच्या कागदावरही उमटलं.

मशीन मग महिन्याभरानं घराबाहेर पडलं. दहा मिनिटांच्या अंतरावर एक बटणवाली बाई होती. काकू तिच्याकडूनच बटणं, हुक आणि चेन घ्यायच्या. तिच्या दुकानावर पोटमाळा होता, रिकाम्या डब्यांनी भरलेला. “डबे हलवते,” ती म्हणाली. “माझ्या गिऱ्हाइकांना बाही बसवून हवी असते, तुम्ही वर असलात तर माझंही बरं.” पोटमाळ्याला खिडकी नव्हती. शिडीनं चढायचं, वाकून बसायचं, डोक्यावर नळीचा दिवा. उजेड पांढरा आणि दिवसभर एकसारखा. सकाळ की दुपार ते कळायचं नाही. पण बायका शिडी चढून येऊ लागल्या, धापा टाकत, हसत. मापं द्यायला कुणी कचरेना.

पहिल्या दिवशी काकूंनी एका बैठकीत सहा गणवेशांच्या बाह्या बसवल्या. तीन तास कुणी हाक मारली नाही. हे सुख त्यांना इतकं अनोळखी होतं की साडेबाराला हात आपोआप थांबले आणि त्या काय झालं म्हणून इकडेतिकडे बघू लागल्या. काहीच झालं नव्हतं. मास्तरांची जेवणाची वेळ झाली होती.

ठरलं असं, की त्या एकला आणि चारला घरी येणार. मधल्या वेळात खिडकीतून कुणीही मास्तरांना पाणी देईल, औषधाची गोळी देईल. वरखालीनं तर स्वतःहून सांगितलं, “काकू, काही लागलं तर मी आहे.” आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. मग एका दुपारी काकू आल्या तेव्हा मास्तर कॉलरचा शर्ट घालून, केस विंचरून, खिडकीत कुणाशी तरी बसच्या जुन्या मार्गांबद्दल बोलत होते. काकूंनी चादर वर केली. गादी भिजली होती, आणि कडेनं वाळतही आली होती. म्हणजे दोन तास तरी.

माणूस गेल्यावर काकू म्हणाल्या, “चार जण येऊन गेले असतील. एकाला सांगायचं, भांडं दे म्हणून. त्यांना काय त्याचं नवल आहे?”

“त्यांना नाही,” मास्तर म्हणाले. “मला आहे.”

काकूंनी चादर ओढून काढली. मास्तरांनी खिडकीकडे तोंड वळवलं, पण त्या बाजूलाही कुणीतरी येऊन उभं राहत होतं, म्हणून त्यांनी डोळेच मिटून घेतले. त्या दिवसापासून काकू एकच्या आधी अकरालाही येऊ लागल्या. शिडी उतरायची, दहा मिनिटं चालायचं, भांडं धरायचं, रिकामं करायचं, दहा मिनिटं चालायचं, शिडी चढायची. बटणवाली म्हणायची, “तुमच्या पायांनी हा रस्ता झिजेल.”

पेटीला वर्ष होऊन गेल्यावर माळी एक लहान पिशवी घेऊन आला. आत काळंभोर, भुसभुशीत खत होतं. त्यानं मूठभर मास्तरांच्या डाव्या हातावर ठेवलं. मास्तरांनी नाकाशी नेलं.

“कशाचाच वास नाही रे.”

“मातीचा आहे की.”

मास्तरांनी परत हुंगलं आणि मान हलवली. “ह्यात वरखाली पण आहे म्हणायचा.”

“सगळे आहेत,” माळी म्हणाला. “तळ्याच्या बागेत घातलंय. गुलाब बघा एकदा, ताई. तुमच्या बाजारच्या रस्त्यापासून काही लांब नाही.”

“कधी बघू?” काकू म्हणाल्या, आणि अकरा वाजून गेले होते म्हणून निघाल्या.

पण एका मंगळवारी, चारच्या फेरीला, त्या दुकानातून निघाल्या आणि नेहमीच्या कोपऱ्यावर वळल्याच नाहीत. ठरवलं नव्हतं काही. सरळ गेल्या, बागेच्या फाटकातून आत शिरल्या आणि पहिल्या दिसलेल्या बाकावर बसल्या. गुलाब पलीकडे होते, लालच लाल. तिथवर जायचा त्यांना कंटाळा आला. त्यांनी चपला काढल्या आणि पाय गवतावर ठेवले. एक म्हातारा बाकाच्या दुसऱ्या टोकाला झोपला होता. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. काकूंनी घड्याळाकडे पाहिलं नाही, पण आतून मोजत होत्याच, आणि वीस मिनिटं झाली असं वाटलं तेव्हा उठल्या. घरापर्यंत जवळजवळ धावतच गेल्या.

मास्तर कोरडे होते. खिडकीत त्या वेळी कुणी नव्हतं.

“उशीर झाला?” त्यांनी विचारलं.

“रस्त्यात गर्दी होती,” काकू म्हणाल्या. नवऱ्याशी खोटं बोलायची सवय नसल्यानं ते वाक्य त्यांना स्वतःलाच मोठ्यानं ऐकू आलं. त्यांनी भांडं घेतलं, आणि मास्तरांना कुशीवर वळवायला हात पाठीखाली घातला.

सव्वीस वर्षं त्या रस्त्यावर तिकिटं फाडलेल्या माणसाला चार वाजता तिथं किती गर्दी असते ते ठाऊक होतं. मास्तरांनी डाव्या हातानं खाटेची कड धरून कूस वळवून घेतली. मग म्हणाले, “हो. मंगळवारी असते.”

पुढच्या मंगळवारी काकू गुलाबांपर्यंत गेल्या.